जाळीपानाची झोप

हॉलंडच्या उत्तरेकडच्या आमच्या आउदे पेकेलात कोणी भरदिवसा पुढच्या खोलीचा पडदा ओढला, तर शेजारी विचारायला येतात, घरात कोणी गेलं का म्हणून. पडदे उघडे, खिडकीत दोन कुंड्या, आणि आत काय चाललंय ते रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसलं पाहिजे, अशी आमच्याकडची रीत. त्यामुळे कालव्याच्या काठाने सायकलवरून जाणाऱ्या प्रत्येकाला एप्पो स्टाउटच्या पुढच्या खोलीतली माशांची टाकी दिसायची. लाकडी कपाटात बसवलेली, माणूस आडवा झोपेल एवढी लांब. बाहेर कालव्यावर पुठ्ठ्याच्या कारखान्याचा पांढरा फेस आणि कुजलेल्या काडाचा वास, आणि आत ट्यूबलाइटखाली सगळं हिरवंगार. आमच्या गावात सुंदर म्हणावं असं तेवढंच होतं. मी इथेच जन्मले, तेव्हा मला असं बोलायचा हक्क आहे.

मी अलिदा क्रेमर. शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले तरी गाव मला बाईच म्हणतं. स्टाउटांच्या आणि माझ्या घराची एक भिंत सामाईक आहे. एप्पो कारखान्यात लगद्याच्या यंत्रावर होता, अबोल, जाड बोटांचा माणूस. त्याची बायको फ्राउके माझी मैत्रीण. लग्न न केलेल्या बाईचं निम्मं नशीब शेजारणीवर असतं, आणि माझं नशीब फार चांगलं होतं. सकाळची कॉफी झाली की ती चमच्याने भिंतीवर ठोकायची. मी गेले नाही तर मागच्या दाराशी येऊन ओरडायची, "अगं अलिदा, मेलीस की काय? कॉफी गार होतेय." मला जन्मात इतक्या प्रेमाने कोणी बोलावलेलं नाही.

गावातल्या टाकीवाल्यांचं एक मंडळ होतं आणि सभासदांच्या टाक्यांचं पाणी मी तपासायचे. शरद ऋतूत परीक्षक घरोघर फिरत. परीक्षक येतो, कोट काढतो, टाकीसमोर खुर्ची घेऊन बसतो आणि बराच वेळ एक अक्षर बोलत नाही. घरातली बाई त्याला कॉफी देते, एक बिस्किट देते आणि डबा बंद करते. मग तो गुण सांगतो. मोठाले दाढीवाले गडी तेव्हा दहावीतल्या पोरांसारखे उभे राहतात.

एप्पोच्या टाकीत मधोमध जाळीपान होतं. मादागास्करच्या नद्यांतली ही वनस्पती. तिच्या पानात नुसत्या शिरा असतात, शिरांमधली जागा मोकळी, पलीकडचा मासा त्यातून आरपार दिसतो. तिला अगदी मऊ पाणी लागतं. आमच्या गावाखाली दलदलीची काळी माती. आजोबा-पणजोबांनी ती वाळवून चुलीत जाळली. एप्पो तीच पोतडीत भरून तिच्यातून पावसाचं पाणी गाळायचा. सगळ्या प्रांतात जाळीपान जगलं ते त्याच्याकडेच. कंद मात्र वाळूत फ्राउकेने लावला होता, कारण एप्पोच्या बोटांनी मुळं मोडली असती.

या कंदाला हिवाळ्यात झोप लागते. पानं झडतात, तेव्हा कुंडीसकट काढून तळघरात गार पाण्याच्या घमेल्यात ठेवायचा आणि वसंतात परत लावायचा. झोपू दिला नाही तर सडतो. मंडळातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

त्या वर्षी ऑक्टोबरात जाळीपानाला फूल आलं. एक कळी देठावर वर वर चढत पाण्याच्या बाहेर आली, तिचं टोपण गळून पडलं आणि आतून दोन पांढरट जांभळे तुरे फाकले. एप्पो रंगाच्या ब्रशने एका तुऱ्याचे परागकण दुसऱ्याला लावत होता. खोलीत मधाचा वास येत होता. बाउकेमा नावाचे परीक्षक आले, बसले, कॉफी गार झाली तरी बसूनच राहिले.

"प्रांतात पहिला," शेवटी ते म्हणाले. "जानेवारीत देशाचे परीक्षक येतील. पण स्टाउट, तोवर ही झोपेल ना? मध्ये भगदाड पडेल तुमच्या टाकीत."

ते गेल्यावर एप्पो म्हणाला, "यंदा झोपवायची नाही."

"सडेल," मी म्हटलं.

"तुमच्या पुस्तकात सडेल, बाई."

"झोपू दे की रे तिला," फ्राउके कप गोळा करत म्हणाली. "तू जेवलास की खुर्चीत घोरतोस, तेव्हा कोणी तुझे गुण कापतं का?"

एप्पो हसला नाही. कारखाना बंद होणार हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. त्या वयात त्याला दुसरीकडे कोणी घेणार नव्हतं.

नोव्हेंबरात जाळीपानाची पानं झडायला हवी होती. झडली नाहीत. उलट रोज नवी येत होती, आणि या पानांवर हटकून शेवाळ धरतं तेही धरत नव्हतं. मी पाणी तपासलं, पुन्हा तपासलं. काही फरक नव्हता. फक्त मासे विचित्र वागत होते. दिवा मालवला की मासे वाळूजवळ जाऊन स्थिर होतात. एप्पोचे मासे फिरतच राहत.

त्याच सुमाराला फ्राउकेची झोप गेली.

सुरुवातीला तिला गंमत वाटली. तिने माझ्यासाठी स्वेटर विणला, एप्पोसाठी विणला, स्वतःसाठी निळा विणला, तळघर रंगवलं. "आयुष्य दुप्पट झालं बघ," म्हणायची. भिंतीपलीकडून मला तिची पावलं ऐकू यायची, इकडून तिकडे, तिकडून इकडे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तिची जीभ जड झाली, डोळे नाही झाले.

एका सकाळी कॉफीच्या वेळी ती म्हणाली, "झोप येत नाही असं नाही गं. येते. दारापर्यंत येते. आत यायला जागाच नाही."

मी तिचा हात हातात घेतला. कातडी इतकी पातळ झाली होती की खालच्या शिरा मोजता आल्या असत्या. मला भीती वाटली. मी काळजी, वय, कारखाना असं काहीतरी बोलले आणि घरी येऊन उगाचच भांडी घासली.

डिसेंबरात माझा वाढदिवस होता. आमच्याकडे वाढदिवसाला खुर्च्या भिंतीकडेने गोल मांडतात, सगळे सगळ्यांचं अभिनंदन करतात आणि मांडीवर केकची बशी घेऊन हवापाण्याच्या गप्पा मारतात. त्या हिवाळ्यात तेलटंचाईमुळे रविवारी मोटारी बंद असत, गप्पा सगळ्या त्याच्याच. मध्येच मी पाहिलं तर फ्राउकेची मान कलली होती. बशी मांडीवर, डोळे मिटलेले. मी ओठांवर बोट ठेवलं. एक एक जण बोलायचा थांबला. एवढ्या माणसांनी भरलेली खोली एका बाईच्या झोपेसाठी श्वास धरून बसली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मागचं दार उघडलं. एप्पो सपातांवरच शेजारून आला होता.

"फ्राउके," तो मोठ्याने म्हणाला.

तिने डोळे उघडले.

"दोन पानं गेली. पाण्यासारखी झाली."

मी त्याला सगळ्यांसमोर हाकलून दिलं. पण पाहुणे गेल्यावर राहवेना, म्हणून शेजारी गेले. दोन पानं खरंच काचेसारखी होऊन वाळूवर पडली होती. मी बघत असताना त्यांच्यात हळूहळू हिरवा रंग भरत गेला, आणि ती उठून उभी राहिली. माझ्या स्वयंपाकघरात तेव्हा फ्राउके टक्क जागी राहून बश्या विसळत होती. मी स्वतःला म्हटलं, योगायोग. चाळीस वर्षं मुलांना सांगत आले, एका निरीक्षणाने काही सिद्ध होत नाही.

परत आले तर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला माहीत आहे, अलिदा. मी डोळे मिटले की ते जातं."

"मूर्खासारखं बोलू नकोस."

"जानेवारीपर्यंतच. त्याचं कारखान्यातलं संपलं गं. माणसाला जन्मात एकदा तरी कोणी म्हणावं ना, की हे तू चांगलं केलंस."

"आणि तुझं काय?"

"मी झोपेन नंतर," ती म्हणाली. "भरपूर."

जानेवारीत परीक्षक आले, दोघं. जाळीपानाला पुन्हा दोन तुरे आले होते. इतकं भरलेलं, इतकं सुंदर झाड मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा बघायची इच्छा नाही. फ्राउकेने कॉफी ओतली. कप भरला, बशी भरली, टेबलक्लॉथ भिजला, तरी ती ओततच राहिली. परीक्षकांनी सभ्यपणे पाय मागे घेतले. मी किटली तिच्या हातातून काढून घेतली.

दोघांनी एकमताने गुण दिले. एप्पो देशात पहिला आला. तो उभ्या उभ्या रडला, आणि फ्राउके त्याच्या पाठीवर हात फिरवत त्याच्याकडे बघत राहिली.

गाडी पुलापलीकडे गेली तशी मी म्हटलं, "आता काढ."

"दुसरी कळी वर येतेय, बाई. ही बघा. ही उमलली की काढतो."

"एप्पो, कंद काढ, नाहीतर मी ही टाकी फोडते."

त्याने फ्राउकेकडे पाहिलं. ती टेबलाचा कोपरा धरून उभी होती. त्याने शर्टाची बाही खांद्यापर्यंत सरकवली, हात आत घातला आणि कुंडी उचलली. पाण्याबाहेर येताच सगळी पानं एकदम मिटून तिच्या कडेला चिकटली. त्याच्या तळघरात बॉयलर होता, म्हणून घमेलं माझ्या तळघरात ठेवायचं ठरलं होतं. आम्ही मागच्या अंगणातून निघालो. कुंपणाशी पोचतो तोच मागे कप फुटल्याचा आवाज आला.

फ्राउके स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. डोकं चौकटीला टेकलेलं, तोंड थोडं उघडं. घोरत होती.

आम्ही हसलो. खरंच, दोघंही हसलो. कंद गार पाण्यात ठेवला, मग तिला उचलून पलंगावर निजवलं आणि मी तिच्या अंगावर दोन रजया घातल्या.

ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. शहरातल्या इस्पितळात नेलं. रक्त पाहिलं, मेंदू पाहिला, पाठीच्या मणक्यातलं पाणी पाहिलं. कुठे काही नाही. नळीने अन्न देत होते. हृदय सावकाश चाललं होतं. मी बसने जायचे आणि तिचा हात धरून बसायचे. हात घमेल्यातल्या पाण्याइतका गार. गावातल्या बातम्या सांगायचे, कोण कोणाशी भांडलं, कोणाची पोरगी कोणाबरोबर पळाली. अशा बातम्यांवर ती खुर्ची पुढे ओढून बसायची. आता तिची पापणीही हलत नव्हती.

फेब्रुवारीत एप्पो माझ्या दाराशी आला. दाढी वाढलेली.

"आत्ताच लावतो, बाई. उठेल ती."

"अर्ध्या झोपेतून काढलास तर सडेल," मी म्हटलं.

हे मी म्हटलं. मी, रसायनशास्त्राची शिक्षिका. आणि नुसतं म्हटलं नाही, तर रोज तळघरात उतरून पाण्यात थर्मामीटर धरत होते, घमेल्यावरचं ओलं पोतं बदलत होते, आणि वर येताना त्या वाळूला "शांत नीज" म्हणत होते. मला माझी मैत्रीण परत हवी होती. त्यासाठी कोणी डोक्यावर उभं राहायला सांगितलं असतं तर राहिले असते.

ईस्टरला मी झ्वोलेला बहिणीकडे गेले. परत आल्यावर कंद लावायचा असं ठरलं होतं. तळघराची किल्ली एप्पोकडे होती. मी बहिणीकडे असतानाच त्याचा फोन आला.

"उठली," तो म्हणाला. एवढंच.

मी बहिणीच्या ओसरीत खाली बसले आणि रडले.

गावी पोचले तोवर तिला घरी आणलं होतं. पुढच्या खोलीत, टाकीशेजारच्या खुर्चीत ती बसली होती, फ्राउकेचा चेहरा, फ्राउकेचे केस. टाकीत मधोमध कुंडी होती आणि तिच्यातून इवलासा कोंब वर आला होता. मी तिला मिठी मारली. तिचं अंग उबदार होतं.

"बसा ना, बाई," ती म्हणाली.

मला वाटलं, थट्टा करतेय.

दिवस गेले. ती नीट खायची, संध्याकाळी झोपायची, सकाळी उठायची. बोलणं मवाळ, वागणं गोड. भिंतीवर चमचा वाजला नाही, तेव्हा मीच जाऊ लागले. दारातल्या सायकलीला ती येता-जाता हात लावून बघायची. एकदा एप्पोने तिला सायकलवर बसवलं, तर तिला पाय कुठे ठेवायचे ते कळेना. आमच्याकडची माणसं चालायच्या आधी सायकल शिकतात. डॉक्टर म्हणाले, एवढ्या लांब झोपेनंतर असं व्हायचंच, हळूहळू येईल सगळं.

मीही तेच म्हटलं. मग तळघरात घमेलं धुवायला उतरले. तळघरात वास होता. गोडसर, कुजका, भिंतीत शिरलेला.

एप्पो त्याच्या भाजीच्या वाफ्यात बटाटे लावत होता. मी जाऊन उभी राहिले. त्याने फावडं खाली ठेवलं.

"सडला होता, बाई. तुम्ही गेल्यावर बघायला गेलो. बोटाने दाबून पाहिला तर बोट आत गेलं."

"मग टाकीत काय आहे?"

"ग्रोनिंगनहून आणला. दुकानात भुशात ठेवलेल्या कंदांची पेटी आली होती, तिच्यातला एक. चांगला टणक बघून घेतला."

आमच्या मंडळात हे सगळेच करतात. परीक्षक यायच्या आठवड्यात झाड मेलं तर गुपचूप दुसरं आणून त्याच जागी लावायचं. परीक्षक वाळू उकरून बघत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे एकमेकांना त्यावरून चिडवतात. बिचाऱ्याला दुसरं काय सुचणार होतं?

"तो लावला आणि दुसऱ्या दिवशी इस्पितळातून फोन आला," तो म्हणाला. "उठली ना? उठली."

"तिला सांगितलंस?"

"कोणाला?" एप्पोने विचारलं.

आणि त्याने फावडं उचललं.

मे महिन्यात एका दुपारी मी तिच्याकडे गेले. जाळीपान चांगलं हातभर वाढलं होतं. एप्पो घरी नव्हता. तिने कॉफी ओतली, एक थेंब न सांडता. फ्राउकेचा निळा स्वेटर घातला होता, त्या हिवाळ्यात जागून विणलेला. आम्ही समोरासमोर बसलो.

"बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"त्या फ्राउकेबाई कधी यायच्या आहेत?"

मी कप खाली ठेवला.

"सगळे मला त्यांच्या नावाने हाक मारतात," ती हळूच म्हणाली. "मी ओ देते. माणसं चांगली आहेत, उगाच त्यांना कशाला दुखवायचं? पण मी त्यांच्या घरात राहते, त्यांचे कपडे घालते. तुम्ही त्यांच्या मैत्रीण ना? त्यांना चालेल ना हे?"

बाहेरून कोणीतरी सायकलवरून गेलं आणि खिडकीतून आम्हाला हात केला. तिने हात केला. मीही केला.

"चालेल," मी म्हटलं. "तिला सगळं चालायचं."

ती हसली, आणि बोटांवर आलेली स्वेटरची लांब बाही तिने नीट मनगटापर्यंत दुमडून घेतली.